थोरलीची कात

१

लग्नाला तेरा दिवस झाले आणि चौदाव्या दिवशी सकाळी नवरा जहाजावर कामाला निघून गेला. मागे घरात ती उरली, काचेच्या पेटीतले दोन बेडूक उरले आणि फ्रिजच्या दाराला चिकटवलेला एक कागद उरला.

नवे नवरे मागे काय काय लिहून ठेवतात हे तिने मैत्रिणींकडून ऐकलं होतं. तिच्या वाट्याला आलेलं पत्र असं होतं: नळाचं पाणी थेट घालायचं नाही, बादलीत एक दिवस उघडं ठेवलेलंच घालायचं. बशी उथळ हवी, कारण ते तोंडाने पीत नाहीत, पाण्यात बसून पोटाच्या कातडीने पितात. माती ओलसर हवी, चिखल नको. पेटीत हात घालण्याआधी हाताला साबण, क्रीम, अत्तर काही नको. दिवसाआड संध्याकाळी गांडुळं नाहीतर रातकिडे, आणि रातकिडे असतील तर पिशवीत घालून पांढऱ्या पावडरीत घोळवून. समोरची काच आतून रोज पुसायची. आणि अगदी तळाशी, दोन रेघा ओढून: थोरली कात टाकत असेल तर मध्ये पडायचं नाही. तिकडे बघायचंही नाही. आपली कात ती आपणच खाते.

'तुझी आठवण येईल' वगैरे मागच्या बाजूला असेल म्हणून तिने कागद उलटून पाहिला. मागे गांडुळं विकणाऱ्या दुकानाचा फोन नंबर होता.

हे बेडूक तळ्याकाठचे, हिरवे, टुणटुण उड्या मारणारे नव्हते. भेक म्हणतात यांना, असं नवऱ्याने शिकवलं होतं. मातीचा रंग, अंगभर फोड, आणि उडी मारण्यापेक्षा जेवण झाल्यावर पाय मोकळे करायला निघालेल्या माणसासारखं सावकाश चालत जाणं. मादी चांगली मुठीएवढी. वय एकतीस, म्हणजे नवऱ्यापेक्षा एका वर्षाने मोठी. सासऱ्यांनी कुठूनशी आणलेली. सासरे गेले, ती राहिली. म्हणून तिचं नाव थोरली. नर तिच्या निम्म्याने, सदा मातीत पुरून घेतलेला, फक्त डोळे बाहेर. तो बुवा.

"तुझ्याआधी या घरात आलेली आहे ती," सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या. त्या दुसऱ्या गावी नणंदेकडे राहत आणि रोज दुपारी तीनला फोन करत. "तिचा मान ठेव हो."

"ठेवते ना, आई. सकाळी आधी तिची बशी भरते, मग माझा चहा टाकते."

"शहाणी आहेस," सासूबाई म्हणाल्या. त्यात थट्टा होती की नाही, हे तिला फोनवर कळलं नाही.

२

ती कपडे बेतणारी होती. कागदावर आकार काढायचा, तो कापडावर ठेवायचा आणि कात्री चालवायची. लग्नाआधी सहा वर्षं एका कोट शिवणाऱ्या कारखान्यात तिने हेच केलं होतं. माणूस समोर आला की त्याच्या चेहऱ्याआधी त्याचे खांदे तिच्या लक्षात राहत. नवऱ्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन सूत उतरता होता. तिच्या धंद्यात इंचाचे आठ भाग करतात आणि त्या एका भागाला सूत म्हणतात. दोन सूत म्हणजे फार नव्हे, पण तेवढ्यावरून गर्दीतही तो तिला पाठमोरा ओळखता आला असता.

या शहरात तिला तसं ओळखण्यासारखं कुणी नव्हतं. समोरच्या दाराला कुलूप होतं, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढत असे. दुकानदार "पिशवी आणली आहे का?" एवढं विचारत. दिवसभरात तिच्या तोंडून किती शब्द बाहेर पडतात ते एकदा तिने मोजायला घेतलं आणि एकोणिसाव्या शब्दाशी संध्याकाळ झाली. त्यातले सहा बुवाशी बोललेले होते.

म्हणून जुन्या कारखान्याच्या ओळखीने इथल्या एका मास्तरांचा फोन आला तेव्हा तिने भिंतीला पाठ टेकून घेतली.

"कोटाचं कटिंग जमतं म्हणे तुम्हाला?"

"जमतं."

"सगळेच म्हणतात जमतं. सोमवारी दहाला या. माझ्यासमोर एक कोट कापून दाखवा. हात बरा वाटला तर खिडकीजवळचं टेबल तुमचं. आमच्याकडे बाया फार बडबड करतात, आधीच सांगतो."

"चालेल," ती म्हणाली. चालेल काय, तेवढ्यासाठीच तर जायचं होतं.

फोन ठेवून तिने डावा हात समोर धरून पाहिला. लोकांना वाटतं कटिंग म्हणजे कात्रीचा हात. तसं नसतं. कापडावर सपाट पसरलेला डावा हातच कापड वाचत असतो: धागा कुठे तिरका गेला आहे, कुठे ताण आहे, कुठे कापड खोटं बोलतं आहे. अंगठ्याच्या बुडाशी चंद्रकोरीएवढा एक व्रण होता, पहिल्या वर्षी कापायच्या यंत्राने दिलेला. तेव्हा ती रडली होती. आता त्या व्रणाकडे पाहून तिला आपण कामाचं माणूस आहोत असं वाटे.

हातावरून तिला सासूबाईंचा हात आठवला. लग्नाच्या सह्या झाल्यावर त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता. जन्मभर घरकाम केलेली बाई, आणि तळवे कोटाच्या आतल्या अस्तरासारखे, एक रेघ हाताला लागू नये इतके गुळगुळीत. क्रीम चांगलं वापरत असणार, असं तिने तेव्हा मनाशी म्हटलं होतं.

३

बुधवारी दुपारी ती पेटीची काच पुसायला मागच्या खोलीत गेली. खोली अरुंद, खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणारी. तिथे दिवसाही उजेड वापरून झालेला वाटे. काचेवर रोजच्यासारखे थोरलीच्या पुढच्या पायांचे ओले ठसे होते. नवरा त्यांना हातच म्हणे. चार बोटांचे, नखाएवढे इवलेसे हात. ती ते पुसू लागली आणि थांबली.

थोरली पाठ वाकवून उभी होती. अंग आकसत होतं, फुगत होतं. तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी पारदर्शक, चुरगळलेलं होतं आणि एक हात वर करून ती ते पुन्हा पुन्हा तोंडात कोंबत होती. दर घासाला तिचे डोळे कपाळात आत बुडत. घास खाली ढकलायला भेकांना डोळ्यांची मदत लागते, हेही नवऱ्यानेच सांगितलं होतं. पण आत्ता ते पाहताना तिला वाटलं, हिचा जीव चालला आहे.

रातकिड्यांची पिशवी! तिच्या मनात पहिल्यांदा तेच आलं. काल संध्याकाळी पावडर घोळवलेल्या पिशवीचा तुकडा आत पडला असणार. कात म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर सापाची येई, कोरडी, कागदासारखी. हे तर ओलं होतं, चमकत होतं. थोरली मेली तर नवऱ्याला काय सांगायचं? एवढं एक काम सोपवून गेला होता.

तिने चिमटीत ते टोक धरलं आणि ओढलं.

ते तुटलं नाही. हातमोजा निघावा तसं सरसरत आलं. आधी पाठीचा एक लांबट भाग, मग बाही, मग बोटं. मातीतून बुवा ओरडला. बारीक, भराभर, क्र-क्र-क्र-क्र. दुसऱ्या नराने चुकून धरलं तर नर असा ओरडतो, त्याचा अर्थ एवढाच की सोड. पण बुवाला कुणीही धरलेलं नव्हतं.

थोरलीचं तोंड मिटलं. ती सावकाश वळली आणि तिच्याकडे पाहत बसली.

चूक ध्यानात आली तेव्हा ती कात परत पेटीत टाकायला हवी होती. पुढे तिने स्वतःला हे अनेकदा सांगितलं. पण हातात होतं ते तिच्या आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात सुबक शिवणकाम होतं. पाठीवर मधोमध एकच सरळ चीर, बाकी कुठे जोड नाही, शिवण नाही, खांद्याला चूण नाही. सहा वर्षं बिनजोडाच्या बाहीचं स्वप्न पाहणाऱ्या माणसाने करायचं काय? तिने काळ्या पुठ्ठ्यावर ती पसरली, कडेने टाचण्या लावल्या, शेजारी कागद घेऊन मापं लिहिली. डावा हात, बोटं चार.

कितीतरी दिवसांनी तिला वेळ कसा गेला ते कळलं नाही.

४

"थोरली काय म्हणते?" गुरुवारी तीन वाजता सासूबाईंनी विचारलं.

"बरी आहे. काल कात टाकली."

"खाल्ली का तिने?"

"हो, खाल्ली."

या घरात बोललेलं हे तिचं पहिलं खोटं. फार सोपं गेलं.

"सगळी?"

"सगळी, आई."

पलीकडे सासूबाई काहीतरी चावत असाव्यात, मग ते थांबलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "आमच्यासारखी धांदरट नाहीस तू."

संध्याकाळी तिने गांडुळं ठेवली. बुवा आला, एक घेतलं, पुसट ढेकर दिल्यासारखा हलला आणि मातीत गेला. थोरली हलली नाही. गांडूळ तिच्या पायावरून गेलं तरी तिने पाहिलं नाही. ती काचेशी बसून खोलीकडे पाहत होती, आणि खोलीत पाहण्यासारखं एकच माणूस होतं.

दुकानाला फोन लावावा म्हणून तिने मोबाइल उचलला, डावा अंगठा टेकवला. मोबाइल उघडला नाही. पुन्हा टेकवला. पुन्हा. 'ओळख पटली नाही' अशी अक्षरं आली. हात ओला असणार, दिवसभर मातीपाण्यात असतो. तिने तो कोरडा पुसला, ओच्याला घासला, फुंकर मारली. ओळख पटली नाही.

"तुलाही नाही का?" ती मोबाइलला म्हणाली, आणि आकडे दाबून तो उघडला.

५

शुक्रवारी सकाळी पुठ्ठ्यावर पाच बोटं होती.

तिने आधी चहा घेतला. मग पुन्हा मोजली. शेजारी तिच्याच अक्षरातला कागद होता: डावा हात, बोटं चार. चार आकार, चार मापं, तिच्या नेहमीच्या पद्धतीने पेन्सिलीने आखलेली. आणि टाचण्यांच्या मध्ये अंगठ्याच्या जागी, परवा जिथे नुसती कड होती तिथे, पाचवं बोट.

ओलं कापड वाळताना दुमड सोडतं. एखादी घडी आत राहिली असेल, ती उलगडली. हे कारण चांगलं होतं, कारखान्यात तिने दुसऱ्या कुणाला असंच पटवून दिलं असतं. ते स्वतःला पटवून तिने काच पुसली, बशी भरली, सोमवारसाठी कात्रीला धार लावायला टाकली. धारवाल्याशी दोन वाक्यं जास्तच बोलली. त्याने हसून विचारलं, "ताई, कोट शिवता म्हणजे मोठ्या लोकांत ऊठबस तुमची?" "कोट तेवढे ओळखीचे," ती म्हणाली. तो खूप हसला, आणि तिला घरी जाणं जिवावर आलं.

घरी आल्यावर पिशवीतून कोटाचं जाड कापड काढून तिने टेबलावर टाकलं आणि सवयीने डावा हात वर फिरवला.

काही कळलं नाही.

कापड दिसत होतं. बोटं त्यावरून जाताना दिसत होती. पण ते लोकर आहे की कागद, उभं आहे की आडवं, हातातून काहीच वर येईना. जाड हातमोजा घालून फिरवल्यासारखं. तिने हात उजेडात धरला. अंगठ्याच्या बुडाशी चंद्रकोर नव्हती.

व्रण जातात, सहा वर्षांनी का होईना जातात. तिने तळवा खिडकीशी नेला. व्रणाबरोबर बाकीही बरंच काही गेलं होतं. आयुष्याची, बुद्धीची, कसली कसली म्हणून लोक दाखवतात त्या रेघा पुसट होत होत मनगटापाशी येऊन संपल्या होत्या.

मागच्या खोलीतून थोरलीचा आवाज आला नाही. तिचा आवाज कधीच येत नसे. तरी ती कान देऊन उभी राहिली.

६

शनिवारी तिने जे केलं ते तिच्या धंद्यातलं कुणीही केलं असतं. मोजपट्टी घेतली.

आधी स्वतःचा डावा हात मोजला. मधलं बोट तीन इंच. करंगळी सव्वादोन. मनगटापासून टोकापर्यंत पावणेसात. मग भिंग घेऊन पुठ्ठ्यावरचा हात मोजला. मधलं बोट तीन सूत. करंगळी सव्वादोन सूत. मनगटापासून टोकापर्यंत पावणेसात सूत.

एकाच आकाराचे लहान, मध्यम, मोठे असे साइज काढणं हे तर तिचं रोजचं काम. कागद मोठा झाला तरी आकार तोच राहतो, तोच ठेवायचा असतो. भिंगाखाली पडलेला तो तिचाच आकार होता, सगळ्यात लहान साइजमध्ये. तळव्यावर रेघा होत्या. अंगठ्याच्या बुडाशी, भिंग अगदी जवळ नेल्यावर, पापणीच्या केसाएवढी चंद्रकोर होती.

नवऱ्याचा फोन लागला तो यंत्रांच्या घरघरीसकट.

"अगं, सगळं ठीक ना? थोरली खाते ना?"

"नाही खात. ऐक ना, मी तिची कात..."

"काय? आवाज तुटतोय. हॅलो? कातीला हात नाही ना लावलास?"

तिने पुठ्ठ्याकडे पाहिलं.

"हॅलो?" तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, घरघरीतून, हळूच, "आईला विचार." आणि फोन गेला.

सकाळचे अकरा वाजले होते. तीन वाजायची वाट न पाहता तिने सासूबाईंना फोन केला. पहिल्याच घंटेला उचलला गेला, जणू त्या हातात धरूनच बसल्या होत्या.

"आई, मी खोटं बोलले होते. कात तिने नाही खाल्ली. मी ओढली."

सासूबाईंनी विचारलं, "कुठला हात?"

"डावा."

"एकच ना?"

"एकच."

"मग ऐक. ती मागायला येईल. तेव्हा पुन्हा ओढू नकोस. काही झालं तरी ओढू नकोस, बाळ. मी ओढलं होतं."

"आणि मग?"

"मग काय," सासूबाई म्हणाल्या. "स्वयंपाक येतो करता. मीठ किती चिमटीत आलं ते बघून घालावं लागतं, एवढंच. सवय होते."

"आई, सोमवारी माझं काम आहे. हाताचं काम आहे माझं."

"माहीत आहे गं," त्या म्हणाल्या. "मी वीणकाम करायचे."

७

तिने सासूबाईंचं ऐकलं नाही. निदान अर्धंच ऐकलं. कात परत द्यायची म्हणजे हात द्यायचा, एवढं तिला न सांगता कळत होतं. पुठ्ठ्यावर होता तोवर तो कुठेतरी होता. रविवारी दुपारी तिने टाचण्या काढल्या, कात अलगद सोडवली आणि बटणांच्या पत्र्याच्या डबीत ठेवली. झाकण घट्ट बसवलं. पेटीच्या जाळीवर दोन जाड पुस्तकं ठेवली. मग खडू आणायला खाली गेली, कारण उद्या सोमवार होता आणि तिचा खडू संपत आला होता.

पंधरा मिनिटांत ती परत आली. घरात ऊन होतं. वर कुणीतरी खुर्ची ओढली. मागच्या खोलीत पेटीवर पुस्तकं होती तशी होती, एकावर एक, कडा जुळवलेल्या.

आणि बाहेरच्या खोलीतल्या तिच्या टेबलावर थोरली बसली होती. डबी उघडी होती. बटणं इकडेतिकडे नव्हती, एकही नाही. कुणीतरी नीट उघडलेली डबी होती ती.

थोरलीच्या तोंडातून काहीतरी पारदर्शक लोंबत होतं. एक हात वर करून ती ते आत सारत होती. दर घासाला डोळे आत बुडत, मग वर येत, आणि वर आले की थेट तिच्याकडे पाहत. मनगट आत गेलं होतं. करंगळी गेली. अंगठा अजून बाहेर होता.

तिने उजव्या हाताने अंगठा धरला आणि ओढला.

खेच तिच्या डाव्या दंडात बसली. दुखलं नाही. कोटाची बाही उलटी करताना आतलं अस्तर सुळकन बाहेर यावं तसं काहीतरी कोपरापासून खांद्याकडे सैल झालं, आणि तिथून पुढे छातीकडे त्याची शिवण एकेक टाका सुटते आहे असं स्पष्ट जाणवलं. कुठेच जोड नव्हता. ओढत राहिलं तर ते सगळंच येणार होतं.

मागच्या खोलीत, मातीखालून, बुवा ओरडत होता. क्र-क्र-क्र-क्र.

खिडकीजवळचं टेबल. बडबड करणाऱ्या बाया. तिने एवढा सगळा विचार केला, आणि तेवढा वेळ अंगठा चिमटीत धरून ठेवला. मग तिने बोटं उघडली.

कागदावर लिहिलं होतं तसं तिने तोंड फिरवलं. दुसरं कुणी कपडे बदलत असताना आपण फिरवतो तसं. समोर खिडकीची काच होती, तिच्यात टेबल दिसत होतं, म्हणून तिने डोळेही मिटले.

पुरे झालं असं वाटल्यावर तिने थोरलीला उचलून पेटीत नेलं. डाव्या हाताने. थोरली गार असते, ओलसर असते, पोट धडधडत असतं. तिला यातलं काही लागलं नाही. फक्त दिसलं.

संध्याकाळी थोरलीने चार गांडुळं खाल्ली.

८

"हात साफ आहे," मास्तर म्हणाले. ते चष्मा कपाळावर चढवून कापलेल्या कडा पाहत होते. "रेघेच्या बाहेर एक धागा नाही. पण तुम्ही कापडाकडे फार बघता हो. हाताने कापत नाही, डोळ्यांनी कापता."

"सवय आहे," ती म्हणाली.

"असू दे. उद्यापासून या."

खिडकीजवळच्या टेबलाभोवती खरंच खूप बडबड होती. काजं करणाऱ्या एका बाईने तिला आपल्या डब्यातलं अर्धं दिलं, नवरा कुठे असतो विचारलं, लग्नाला किती दिवस झाले विचारलं, आणि हसत हसत तिचा डावा हात हातात घेतला. "नवी नवरी ना तू? बघू हात." मग ती बाई तळव्याकडे पाहत राहिली. हसू तसंच ठेवून तिने हात हळूच टेबलावर ठेवून दिला, आणि दिवसभर पलीकडच्या बाईशी बोलत बसली.

तीनला सासूबाईंचा फोन आला नाही. तो ती घरी पोचल्यावर आला.

"जमलं काम?"

"जमलं, आई."

"कुणी विचारलं का?"

"नाही. बघितलं फक्त एकीने."

"हं. बघतात," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी आधीच टाके घालायला बसायचं, म्हणजे हात मोकळा दिसत नाही." मग दोघीही काही बोलल्या नाहीत, आणि दोघींनीही फोन ठेवला नाही. एवढा वेळ त्या पहिल्यांदाच सोबत बसल्या होत्या.

संध्याकाळचं ऊन समोरच्या भिंतीवरून उलटून मागच्या खोलीत येत होतं. तिने बशी भरली, माती पाहिली, फडकं घेतलं. नवरा यायला अजून एकोणीस दिवस होते.

काचेवर आतून ओले ठसे होते, नेहमीचे, नखाएवढे. पुसता पुसता एका ठशापाशी ती थांबली. तो डाव्या हाताचा होता. पाच बोटं. तळव्यावर तीन रेघा, आणि अंगठ्याच्या बुडाशी केसाएवढी एक कोर.

थोरली काचेच्या अगदी जवळ आली होती. तिने हात उचलला आणि त्याच ठशावर पुन्हा टेकवला. टेकवून तसाच ठेवला.

फडकं खाली ठेवून तिने आपला डावा हात, तो अस्तरासारखा गुळगुळीत हात, बाहेरून त्याच जागी काचेला लावला. नवरा गेल्यापासून कुणी तो इतका वेळ धरला नव्हता. बऱ्याच वेळाने तिला काचेचा गारवा लागला.

आतल्या बाजूने.